खिशातलं उत्तर

४ नोव्हेंबर

आज पोस्टमन पत्र देऊन गेला. कसालहून, केयूरचं. हातात मोबाइल असताना या मुलाने आतेसाठी बसून दोन पानी पत्र लिहिलं, पाकिटावर तिकीट चिकटवलं, पेटीत टाकलं. भाई, माझा भाऊ आणि त्याचा बाप, आज असता तर म्हणाला असता, "शर्मिल्या, तुझ्या नादान पोरगो बिघाडलो."

चहा झाल्यावर लाल पेन्सिल घेऊन पत्र पुन्हा वाचलं. सवयच आहे. एकतीस वर्षं मालवणच्या शाळेत वक्तृत्व शिकवलं, त्याआधी अकरा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिनांच्या हाताखाली शिकले. त्या म्हणायच्या, वाचताना पेन्सिल हातात नसेल तर तो लिहिणारा तुम्हाला वाटेल तिकडे नेईल.

केयूर लिहितो: "त्या घराने आजोबांना सावली दिली, त्या घराने बाबांना सावली दिली, त्या घराने मला सावली दिली. आता त्या घराला आपण उभारी द्यायला नको का?"

त्याच दोन शब्दांनी तीन वाक्यं सुरू केली. तिसऱ्यात स्वतःला आणलं. मग "आपण" म्हणून मलाही आत ओढलं, आणि शेवटी प्रश्न. दहा वर्षांचा होता तेव्हा याच पायरीवर उभा करून शिकवलं होतं त्याला. समोरचे चौदा माड म्हणजे श्रोते. "प्रश्न कधी विचारायचा?" मी विचारायची. "उत्तर खिशात आसताना!" तो ओरडायचा.

नऊ गुण दिले. एक कापला, कारण खाली "ऋणानुबंध" हा शब्द घातलाय. फार वापरून झालाय तो.

उभारी म्हणजे नक्की काय करायचं, ते पत्रात नाही. पण पत्र सुंदर आहे.

९ नोव्हेंबर

केयूर आणि त्याची बायको रिया आले होते. गोव्यातली हॉटेलातली नोकरी त्याने सोडली. दोडामार्गात खोली घेऊन नऊ वर्षं रोज हद्द ओलांडत होता, दुसऱ्यांच्या पाहुण्यांच्या बॅगा उचलत होता. आता इथेच, आपल्या घरात, पर्यटकांची सोय करायची म्हणतो. तारकर्लीत दर दुसऱ्या घरात आहे, आपल्याकडेच नाही.

"आते, फक्त पुढची खोली. फक्त येत्या शनिवारी. एकच कुटुंब आहे, पुण्याचं. तुला चालेल ना?"

चालेल म्हटलं. एका रात्रीचं काय एवढं.

तो माझ्याशी हल्ली शुद्ध मराठीत बोलतो. हॉटेलातली सवय असणार. लहानपणी त्याचं मालवणी ऐकून सिस्टर हसत असत.

१७ नोव्हेंबर

पुण्याचे गेले, नाशिकचे आले. केयूर म्हणाला, दर वेळी माझं सामान हलवण्यापेक्षा खाट एकदाच मागच्या खोलीत नेली तर मलाच बरं. ते खरंच आहे. सागवानी खाट, दारातून काही केल्या जाईना. शेवटी दुर्गाकडून नट सोडवायचे पाने आणून त्याने खाटेचे पाय सोडवले तेव्हा गेली.

दुर्गा म्हणजे शेजारीण. मासे विकते आणि सगळ्यांच्या घरात काय चाललंय त्याची खबर ठेवते. दारात उभी राहून बघत होती. "बाई, आता तुमी पाठल्या दारच्या झालात."

"हवा चांगली येते गो तिथे," मी म्हटलं. येत नाही.

पाहुण्यांसाठी बाहेर लावायच्या पाटीचा मजकूर मीच लिहून दिला. आधी चार ओळी लिहिल्या. केयूर म्हणाला, "आते, विशेषणं काढ." बरोबर होतं त्याचं, मीच शिकवलेलं. शेवटी एक ओळ राहिली: "समुद्राचा आवाज ऐकत झोपा, समुद्राचा आवाज ऐकत उठा." सुरुवात तीच ठेवायची आणि शेवटच्या शब्दात उलटा वळसा द्यायचा. ऐकणाऱ्याच्या डोक्यात ते दोन दिवस तरी राहतं. पाटी छान दिसते. नाशिकच्या बाईंनी तिचा फोटो काढला.

मागच्या खोलीत पाहुण्यांच्या एसीच्या मशीनचा आवाज येतो. भिंतीपलीकडेच बसवलंय ते. जन्मापासून ऐकत आलेला समुद्र चाळीस पावलांवर आहे, आणि कान देऊनही ऐकू येत नाही.

२१ नोव्हेंबर

सकाळी दुर्गा बांगडे घेऊन आली. विळी मांडून बसली आणि मान वर न करता विचारलं, "बाई, कसालाक कधी जातास?"

"कोण, मी?"

"केयूर सांगी होतो. रियाच्या फ्लॅटात तुमची खोली रंगवून झाली म्हणान. आबोली रंग. तुमका आवाडता तोच."

मला आबोली रंग आवडतो, हे खरं आहे.

दुपारी भिकाजीकाका भेटले. देवळात गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालतात ते. ऐंशीला आले. त्यांनीही "कधी" असंच विचारलं. वाण्याच्या दुकानातही तेच. "जातास काय" असं कुणीच विचारत नाही, विचारतात ते कधी जातास. "काय" विचारलं असतं तर नाही म्हणता आलं असतं. "कधी"ला नाही म्हणायचं कसं? वाक्यातच बसत नाही.

हे तंत्रही जुनंच आहे. जे पटवायचं ते सांगायचंच नाही, ते झालंच आहे असं धरून पुढचा प्रश्न विचारायचा. मुलांना मी ते शिकवलं होतं ते स्पर्धेत टाळी घेण्यासाठी.

केयूरने मुद्दाम केलं नसेल. बोलण्याच्या ओघात बोलला असेल.

२४ नोव्हेंबर

रविवार. केयूर एकटाच आला. येताना माझ्यासाठी खाजं आणलं, कडक. दात शिल्लक आहेत तोवर खा म्हणाला. हसलो दोघं.

मग म्हणाला, "आते, न्हाणीघरातली फरशी बघितलीस? शेवाळ धरलंय. तू पडलीस, तर किती वेळ पडून राहशील? कोण बघणार? दुर्गा बाजारात, मी कसालला." भीती दाखवायची, पण आवाज चढवायचा नाही. अगदी हळू बोलला. डोळ्यांत पाणीही होतं. ते खरं होतं. मला त्याचे खरे डोळे माहीत आहेत.

आणि मग: "जत्रेच्या आधी येतेस की जत्रेनंतर? तू सांगशील तसं."

दोन दारं दाखवायची, दोन्ही आपल्याच अंगणात उघडणारी. हे मी त्याला सातवीत शिकवलं, वादविवाद स्पर्धेसाठी. जिल्ह्यात पहिला आला होता. भाईने त्या दिवशी पेढे वाटले आणि माझ्या हातावर दोन ठेवले.

"जत्रेनंतर," मी म्हटलं.

तो गेल्यावर लक्षात आलं की मी उत्तर दिलं.

२५ नोव्हेंबर

त्याने कागद ठेवलाय. बक्षीसपत्र म्हणतात. घराचा माझा अर्धा वाटा मी भाच्याला आनंदाने देते, असा मजकूर. लॉजिंगच्या परवान्याला घर एकाच्या नावावर असलं तर सोपं जातं, असं त्याला कुणी सांगितलंय. १२ डिसेंबरला मालवणच्या ऑफिसात सही.

उद्या ना परवा ते सगळं त्याचंच आहे. मला दुसरं कोण? पण आजचं काय?

फरशी मी काल काथ्याने घासली. स्वच्छ झाली. केयूरला सांगायला हवं होतं.

२७ नोव्हेंबर

घराच्या नव्या कामासाठी रविवारी गाऱ्हाणं ठेवलंय. भिकाजीकाका येणार. केयूर म्हणाला, "आते, काकांना हल्ली मधलं मधलं आठवत नाही. तू लिहून दे. तुझ्यासारखं कोण लिहिणार?"

स्तुती खरी असली की ती सगळ्यात जास्त लागू पडते. हे मला माहीत आहे. तरी ती लागू पडली. संध्याकाळभर बसून लिहिलं.

लिहिताना वाटलं, आपल्या या गाऱ्हाण्यापुढे माझं सगळं वक्तृत्व फिकं. एक माणूस सांगतो, आणि दर वाक्याला बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. श्रोत्यांनी पटवून घ्यायचं नसतंच, त्यांचा होकार आधीच ठरलेला. सिस्टरना मी एकदा हे सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "मग जो सांगतो त्याने फार जपून बोलायला हवं."

केयूर लहानपणी माझ्या मांडीवर बसून गाऱ्हाणं ऐकायचा. डोळे घट्ट मिटलेले, हात जोडलेले, आणि सगळ्यांत मोठा आवाज त्याचा. वाक्य संपायच्या आतच ओरडायचा. मागची माणसं हसायची.

शेवटची ओळ मी अशी लिहिली: "ह्या घरातल्या सगळ्यांका सुखात ठेव."

१ डिसेंबर

गाऱ्हाणं झालं.

पंधरा-वीस माणसं होती. पुढच्या खोलीत नारळ ठेवला. काकांनी चष्मा लावला, माझा कागद हातात धरला, पण निम्मं आपल्याच मनाने म्हणाले. छान म्हणाले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या घरान नव्या कामाक हात घातलो आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"येणाऱ्या-जाणाऱ्याक ह्या छपराखाली सुखाची झोप लागांदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या घरची लेक शर्मिला, आपल्या राजीखुशीन घर भाच्याच्या हवाली करून कसालाक जाता. तिका थंय सुखात ठेव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मीही म्हटलं. सगळ्यांबरोबर, हात जोडून. शब्दांचा अर्थ कानात शिरायच्या आधीच माझं तोंड ते म्हणून मोकळं झालं होतं. सहासष्ट वर्षांची सवय.

नंतर कागद बघितला. माझ्या शेवटच्या ओळीवर रेघ मारलेली, आणि खाली केयूरचं अक्षर. सुवाच्य. मीच गिरवून घेतलेलं.

दुर्गा जाताना माझा हात धरून म्हणाली, "देवाच्या कानार घातलात, बरां झाला. आता मागे-फुडे नाय."

२ डिसेंबर

काही लिहिण्यासारखं नाही. एसीचं मशीन दिवसभर चालू होतं.

५ डिसेंबर

चार दिवस केयूरला पत्र लिहिण्याचा प्रयत्न करते आहे. मला जायचं नाही एवढंच सांगायचंय. सात कागद फाडले.

पहिल्यात मी भाईला आणलं. दुसऱ्यात माडांना. तिसऱ्यात "ज्या पायरीवर तू बोलायला शिकलास, त्या पायरीवर मी गप्प व्हावं का?" असं लिहिलं, आणि लिहून झाल्यावर क्षणभर खूश झाले. मग लाज वाटली. हे वाक्य केयूर वाचेल तेव्हा त्याच्याही हातात पेन्सिल असेल. तो म्हणेल, वा आते, नऊ गुण. आणि कागद घडी करून ठेवेल.

दोघांनाही एकच भाषा येते आणि त्या भाषेत आम्ही एकमेकांना काहीच सांगू शकत नाही.

फोनवर सांगायचाही प्रयत्न केला. "केयूर, मी काय म्हणते..." म्हटलं, तर तो म्हणाला, "आते, तुझी काळजी मला कळत नाही का?" यावर कळत नाही असं कसं म्हणणार? कळते म्हटलं. फोन ठेवला.

रियाने खोलीचा फोटो पाठवला. आबोली भिंत, नवी चादर. खिडकीतून हायवे दिसतो. तिने मनापासून केलंय सगळं. कुणी वाईट वागलं असतं तर भांडता आलं असतं.

८ डिसेंबर

देवळात गेले. भिकाजीकाका जत्रेच्या तयारीला पायरीवर नारळ सोलत बसले होते. मी बाजूला बसले.

"काय बाई? बांधाबांध झाली?"

"काका, गाऱ्हाण्यात सांगितलेलं मागे घेता येतं का?"

त्यांनी कोयता खाली ठेवला. "मागे? नाय. म्हाराजाक काय दुकानदार समाजलात, माल परत घेवक?"

मी उठायला लागले.

"बसा गो. घाय कसली? गाऱ्हाण्याच्या शेवटाक आपण काय म्हणतो?"

"काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल."

"दर टायमाक म्हणतो. ता काय उगीच? माणूस चुकतलोच, म्हणान आधीच सांगान ठेवतो." नारळाची शेंडी नीट करत त्यांनी विचारलं, "चूक कोणाची?"

केयूरची म्हणता आलं असतं. कागदावर त्याचंच अक्षर होतं. पण त्याला लिहायला कुणी शिकवलं? आणि "व्हय" कोण म्हणालं?

"माझी," मी म्हटलं.

"मगे जत्रेक नारळ घेवन येवा. काय सांगूचा ता माका सांगा. पण बाई," ते हसले, "लिवन आणू नकात. तुमच्या त्या कागदान माझो जीव घेतलो. एका श्वासात मावना नाय."

१० डिसेंबर

जत्रा.

केयूर, रिया दोघं आले होते. दर वर्षी येतात. एकेका घराचा नारळ पुढे जातो, घरातलं माणूस काकांच्या कानात सांगतं, काका मोठ्याने म्हणतात. आमची पाळी आली तेव्हा केयूर पुढे व्हायला लागला. मी त्याच्या हातातून नारळ घेतला. त्याला वाटलं, मलाच सांगायचंय निरोपाचं. सरकला बाजूला.

काकांच्या कानाशी गेले. घरून निघताना तीन वाक्यं जुळवली होती, चांगली होती. ती आलीच नाहीत. "माका जावचा नाय," एवढंच तोंडातून आलं. शाळेतली मराठीसुद्धा नाही.

काकांनी नारळ उचलला.

"बा देवा म्हाराजा! ह्या घरच्या लेकीकडसून एक चूक झाली म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिका जावचा नाय. तिका आपल्या घरातच ऱ्हवचा आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज केयूरचा होता. डोळे मिटलेले, हात जोडलेले, वाक्य संपायच्या आत. अगदी माझ्या मांडीवर असायचा तसाच. मग त्याने डोळे उघडले.

माणसं होती म्हणून तिथे काही बोलला नाही. गाडीपाशी आल्यावर म्हणाला, "आते, फसयलस तू माका."

"एकच वाक्य सांगलंय रे. त्यात काय होता फसवूक?"

"मी व्हय म्हणतलंय ह्या तुका म्हायत होता."

रियाने गाडीचं दार लावून घेतलं. लाल दिवे वळणावरून गेले तोवर उभी होते.

माहीत होतं का मला? इथे खोटं लिहून उपयोग नाही. होतं.

११ डिसेंबर

फोन नाही. बक्षीसपत्र टेबलावर आहे, वर खाज्याचा डबा ठेवलाय. दुर्गा दोनदा येऊन गेली, दोन्ही वेळा काही न विचारता. तिच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट आहे.

मी माझं घर राखलं आणि मुलगा घालवला की काय? भाई, तू सांग.

१२ डिसेंबर

साडेनऊला गाडी आली. मालवणच्या ऑफिसात अकराची वेळ होती. केयूर एकटाच, इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. आत आला नाही. पायरीवर बसला, माडांकडे तोंड करून. मीही दुसऱ्या टोकाला बसले. तेरा माड आता, एक मागच्या वादळात गेला.

त्याने फाइल मांडीवर घेतली, पुन्हा खाली ठेवली.

"काल रिया माका म्हणाली, तू आतेक येकदा तरी इचारलंस काय? मी म्हटलंय, इचारलंय की. कितीतरी वेळा इचारलंय." थांबला. "मगे आठवान बघलंय. नाय इचारूक."

मी पायरीवर थोडी त्याच्या बाजूला सरकले.

"नोकरी सोडलंय. लोकांक सांगान बसलंय. पुढची खोली जानेवारीपर्यंत भरलेली आसा." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आते, मी आता काय करू?"

मी नीट ऐकलं. सवयीने शोधलं, याच्या पोटात काय आहे, दारं किती आहेत, कुठल्या अंगणात उघडतात. काहीच नव्हतं. उत्तर त्याच्या खिशात नव्हतं. माझ्याही नव्हतं.

"माका म्हायत नाय रे," मी म्हटलं. "तुझी आते आज नापास. पण पाठल्या खोलीत माका झोप लागणा नाय. आधी खाट तेवढी फुडे आणूया. मगे बघू."

"आणि सांजेक फुडच्या खोलयेत येणारे?"

"त्यांका तू पाठल्या खोलयेत निजव."

"थंय समुद्र ऐकाक येणा नाय. पाटयेर लिवला आसा."

"ता मशीन बंद कर, येतलो."

तो हसला नाही, पण उठला. शर्टाच्या बाह्या दुमडल्या. खाट त्या टोकाने त्याने उचलली, या टोकाने मी. मधल्या दारापर्यंत आली आणि चौकटीत घट्ट बसली. पुढे जाईना, मागे येईना. मी खोलीच्या आत, तो बाहेर, मध्ये खाट.

"तुझ्या बाजून कलव," तो म्हणाला.

"खंयच्या बाजून?"

"काय म्हायत. न्हेताना कशी न्हेलेली?"

"पाय काढून."

त्याने कपाळावर हात मारला. आता पाने आणायला दुर्गाकडे गेला आहे. तिथून तिचा आवाज इथपर्यंत येतोय, "मेल्या, पयल्यांदाच इचारूचा होतास!" मशीन जाताना बंद करून गेला. मला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून खाटेच्या कडेवर बसून हे लिहिते आहे. भरतीची वेळ असावी.